हुलाबालूच्या बाई

इंग्रजीच्या तासाला वर्ग शांत दिसला, की आमच्या बाई भडकायच्या. बाकीचे सर दारातूनच "गप्प बसा रे" करत आत यायचे. ह्या यायच्या, खांद्यावरची पर्स टेबलावर ठेवायच्या, आमच्या खाली घातलेल्या माना बघायच्या आणि म्हणायच्या, "कोण गेलं? सुतक कुणाचं पाळताय?" तेही इतक्या हळू, की मागच्या बाकांना ऐकूच जायचं नाही. कारण बाईंना स्वतःला आवाज नव्हता. घशात गाठी झाल्या होत्या, एकदा ऑपरेशन झालं होतं, आणि त्यातून जे उरलं होतं ते घोगरं, निम्मं वाऱ्यावर जाणारं असं काहीतरी होतं. जिला मोठ्यानं बोलता येत नाही तिला शिकवायला कुणी घेतलं, असं पहिल्या दिवशी आख्ख्या वर्गानं एकमेकांना विचारून घेतलं.

शाळा कशेळ्याच्या बाजूची, रस्त्यालगतची. नाव सांगत नाही. पुढे ज्यांच्याबद्दल बोलायचंय ती माणसं अजून त्याच रस्त्यानं ये-जा करतात आणि सणावाराला मलाही तिकडे तोंड दाखवायचं असतं. बाई दहिवलीहून यायच्या, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून. चाळिशीच्या, अंगानं काटकुळ्या. साडी नेहमी सुती, आणि साडीखाली मुलांसारखे कॅनव्हासचे बूट. त्यांची नोकरी कायमची नव्हती, तासांवर होती. एप्रिलमध्ये संपायची आणि जूनमध्ये बोलावणं आलं तर पुन्हा सुरू व्हायची. आम्हाला त्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं. आम्हाला बाई म्हणजे बाई.

आठवीत पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळाभर एक इंग्रजी शब्द लिहिला. हुलाबालू. "बाई, अर्थ?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. आमची सवयच ती. शब्द, पुढे दोन आडव्या रेघा, अर्थ, की झालं इंग्रजी. बाई म्हणाल्या, "अर्थ लिहून काय लोणचं घालायचंय? हा शब्द करायचा असतो. मी हात वर केला की सुरू. मूठ मिटली की बंद. फक्त तोंडानं. बाक बडवायचे नाहीत, शिव्या द्यायच्या नाहीत." आणि केला हात वर. मुलांना काय, आयतंच सापडलं. अशी बोंब ठोकली त्यांनी, की पत्र्यावरचे पारवे उडून समोरच्या आंब्यावर जाऊन बसले. बाईंनी मूठ मिटली, मुलांना खाली बसवलं. "आता फक्त मुली."

आम्ही मुली उठलो. एकमेकींकडे बघितलं. कुणी ओढणी तोंडात घातली, कुणी खोकलं. मागून एक बारीक "ईऽ" आला आणि तोही हसण्यात बुडाला. बाईंनी कान पुढे करून सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ही कुजबुज झाली. तो धडा पुढच्या महिन्यात आहे."

पुढचे कित्येक दिवस असंच चाललं. तास सुरू झाला की आधी मिनिटभर हुलाबालू, मग धडा. मुलांचा दणदणीत व्हायचा, आमची कुजबुज व्हायची. मग भातं पिवळी पडायला लागली. त्या दिवसांत आमच्याकडे सकाळी पोपट उतरतात. थव्यानं येतात आणि लोंब्या तोडून नेतात. शाळेआधी त्यांना हाकलायचं काम घरोघरी मुलींकडे असतं. मी बांधावर उभी राहून पत्र्याचा डबा बडवत होते आणि "हाऽऽ हूऽऽ, व्हा रं बाजूला मेल्यांनोऽऽ" असं जे तोंडाला येईल ते ओरडत होते. रस्त्यावर बाईंची जीप पंक्चर होऊन उभी होती हे मला कुठं माहीत!

त्या दिवशी बाईंनी हुलाबालू घेतलाच नाही. माझ्या बाकापाशी आल्या. "सुजाता, सकाळी शेतात कोण होतं गं? मला वाटलं, गावात वाघ शिरला." वर्ग हसला. मी लाल. "पोपटांना तू भीत नाहीस. मला भितेस. पोपट काय माझ्यापेक्षा कमी चावतात? तो सकाळचा आवाज शाळेच्या फाटकाबाहेर कुणाकडे सांभाळायला देऊन येतेस रोज? उद्यापासून तो आत आणायचा. आत्ताच आण." आणि हात वर केला. काय झालं कुणास ठाऊक, मी डोळे मिटले आणि शेतातली आरोळी ठोकली. तशी शेजारच्या बाकावरून तिच्या शेतातली आली. मग तिच्या मागून. सगळ्यांच्याच शेतांत पोपट होते की. बाईंचे डोळे चमकत होते आणि मूठ काही मिटत नव्हती. शेवटी मुख्याध्यापक सरच धावत आले. भला माणूस, पण रक्तदाबाचा. "बाई, अहो बाई, शेजारी गणित चाललंय." बाई म्हणाल्या, "गणित मिनिटभर थांबेल, सर. ह्यांचं फार वर्षं थांबलंय."

गावात त्यांचं नाव पडलं, हुलाबाई. माझी आई भाकऱ्या थापता थापता विचारायची, "आली व्हती का गं आज तुमची हुलाबाई? पार वड्यापत्तूर आवाज आला. पोरींनी बोंबलायचं आनि त्येला म्हनं इंग्लिश!" आई रागावून म्हणायची, पण दुपारी शेजारणीला सांगताना तिच्या बोलण्यात थोडा तोरा असायचा, हे मी पडवीतून ऐकलंय. आमच्या घरात त्याआधी इंग्रजीबद्दल कुणी काही बोलतच नसे.

आवाजांच्या बाबतीत बाई भारी चोखंदळ. सगळ्या गोंगाटाला एकच शब्द वापरलेला त्यांना खपायचा नाही. "भाताला, तांदळाला आणि पोह्याला एकच नाव ठेवता का? मग?" इंग्रजी शब्द दिला, की तो आपल्याला कुठे भेटला ते दुसऱ्या दिवशी सांगायचं, असा त्यांचा नियम. मग आम्ही शब्द शोधत हिंडायचो. हबब आम्हाला कशेळ्याच्या नाक्यावर बाजाराच्या दिवशी भेटला. कुणी ओरडत नाही, पण सगळे बोलत असतात, आणि लांबून नुसती गुणगुण ऐकू येते. रॅकेट भातगिरणीत भेटला, म्हणजे ज्यानं डोकं उठतं तो आवाज. कमोशन आमच्या वर्गातल्या मनीषाच्या अंगणात भेटला, पेंढ्यातून धामण निघाली तेव्हा. तिथं काहीतरी घडलेलं असतं आणि माणसं पळत असतात.

आणि हुलाबालू कुठे भेटला ते मी सांगितलं होतं. माझे बाबा आमची शेती सांभाळून एका फार्महाऊसच्या बागेची राखण करायचे. शनिवारी तिथं मुंबईची पाहुणेमंडळी उतरलेली. अचानक अशी किंकाळ्यांची राळ उठली, की बाबा हातातलं फावडं घेऊन धावले. त्यांना वाटलं, सिलिंडर फुटला. बघतात तर सगळी माणसं अंगणात, कुणी टॉवेलवर, एक काका तर गाडीच्या टपावर. काय झालं? न्हाणीघरात पाल निघाली! बाबांनी पाल फावड्यावर घेऊन बाहेर सोडली. मी हे साग्रसंगीत सांगितलं, तशा बाई आवाज न करता इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "हाच गं हाच," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "कारण पालीएवढं, आवाज बंगल्याएवढा. तो हुलाबालू."

"आणि अपरोर, बाई?" मनीषानं विचारलं. तो शब्द धड्यात होता. "त्यातही आवाज तेवढाच असतो. पण तिथं कारणही मोठं असतं. ओरडणारा चिडलेला असतो, आणि कशानं चिडलाय ते त्याला पक्कं ठाऊक असतं," बाई म्हणाल्या. "कुठे भेटला?" कुणालाच सांगता येईना. बाईंनी आग्रह केला नाही. धडा पुढे सुरू केला.

आम्ही नववीत गेलो आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर आमची संध्याकाळची एसटीची गाडी बंद झाली. ही गाडी म्हणजे काय ते सांगायला हवं. शाळा मोठ्या रस्त्याला, आणि आमची गावं-वाड्या आत, डोंगराच्या अंगाला. शाळा सुटली की एकच गाडी आत जायची, शेवटच्या वाडीत मुक्कामाला. ती चुकली तर जीप. जीप भरल्याशिवाय हलायची नाही, आणि भरायची म्हणजे टपावरही माणसं. पोरींना मागे उभं राहावं लागायचं, पुरुषांच्या गर्दीत, आणि त्यातले काही झोकांड्या खात चढलेले. नाहीतर चालत, अंधार पडेपर्यंत, फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या अंगावर घेत. मुलगे चालत जायचे, सायकली काढायचे. आमच्यातल्या वरच्या वाडीच्या दोघी पहिल्या आठवड्यातच यायच्या बंद झाल्या. मग मनीषा.

बाबा वाईट नव्हते. माझ्या बापानं मला कधी चापटसुद्धा मारली नाही. पण तेच फार्महाऊसवर राखण करायचे, शनिवार-रविवारी त्या रस्त्यानं कोण कसा गाडी चालवतो ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. जेवताना म्हणाले, "ह्या आठवड्यात गाडी चालू झाली तं झाली. नायतर बस घरी. गाडी नाय तं शाळा नाय." मी ताटावरून उठले आणि मागच्या दारी जाऊन रडले. रडण्यापेक्षा राग जास्त होता, आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

बाईंनी रिकामे बाक बघितले आणि शाळा सुटल्यावर कॅनव्हासचे बूट आवळून घरोघर जायला सुरुवात केली. वरच्या वाडीत गेल्या, मनीषाकडे गेल्या, आमच्याकडे आल्या. बाबा ओटीवर बसले होते. बाई बोलायला लागल्या तसे ते म्हणाले, "जरा मोठ्यानं बोला की बाई." "नाही येत, भाऊ. तुम्हीच जवळ या," बाई म्हणाल्या. मग बाबा उठून त्यांच्यासमोर पायरीवर बसले. शाळेतल्या बाईपुढं माझा बाप असा बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. "तुमचं पटतंय मला. पन गाडीचं काय?" बाई म्हणाल्या, "गाडी मी आणते. तुम्ही फक्त तोवर हिचं दप्तर अडगळीत टाकू नका."

बाबांनाही चेव आला असावा. आगारात जायला भाताच्या गोण्या वाहणारा माझ्या काकाचा टेंपो त्यांनीच मिळवून दिला. मुख्याध्यापक सर म्हणाले, "जा, पण शांतपणे. दोघी-तिघींना न्या, विनंती करा." बाई म्हणाल्या, "शांतपणेच जाणार. पण ज्यांची ज्यांची गाडी गेली त्या सगळ्याच येणार." शाळा सोडलेल्यासुद्धा. मनीषाच्या आईनं तिला अंगणातून टेंपोत चढवलं आणि वर तिला दटावलं, "तोंड मिटून उभी राह्य तिथं." बाईंचाही बेत तोच होता हे लक्षात ठेवा. आम्ही ओळीत उभं राहायचं, बाईंनी साहेबांशी बोलायचं, नमस्कार करायचा, परत यायचं.

आगारात शिरलो. बाई पुढे, आम्ही मागे. तेवढ्यात एक गाडी फलाटावरून मागे यायला लागली, सरळ आमच्या ओळीवर. बाईंनी आम्हाला थांबवायला झटकन हात वर केला.

झालं! दीड वर्षं आम्हाला त्या हाताचा एकच अर्थ शिकवलेला. एकदम सगळ्या सुटलो. पोपट हाकलायच्या सगळ्या आरोळ्या त्या आगाराच्या पत्र्याखाली घुमल्या. कंडक्टर खिडक्यांतून डोकावले, कँटीनवाला झारा घेऊन बाहेर आला, झोपलेला एक ड्रायव्हर बाकावरून खाली पडला. आणि बाई मूठ मिटून मिटून दाखवतायत, पण मधे ती गाडी आलेली, आम्हाला मूठ दिसणार कशी! आम्हाला वाटलं, बाईंना आज जास्त हवाय. आम्ही जास्त दिला. गाडी सरकली तेव्हा पलीकडे बाई दोन्ही मुठी आवळून उभ्या, आणि त्यांच्याशेजारी आगारप्रमुख साहेब. आम्ही गपकन गप्प झालो.

"काय दंगा आहे हा? कुणी आणलं ह्यांना?" साहेबांनी विचारलं. बाईंनी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. आठवडाभर घरोघर जाऊन बोलल्या होत्या, जे काही शिल्लक होतं ते संपलं होतं. नुसती हवा. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मान ताणली, डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्याकडे बघितलं आणि हातानं खूण केली, बोल. साहेब म्हणाले, "एका गाडीसाठी एवढा आरडाओरडा? एवढीशी गोष्ट ती."

तो 'एवढीशी' शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. "एवढीशी नाय, साहेब," मी म्हणाले. "ही मनीषा घरी बसलीय. वरच्या वाडीच्या दोघी घरी बसल्यात. शनिवारी मी बसनार. गाडी नाय तं शाळा नाय, असं सगळ्यांच्या घरी सांगितलंय. एक गाडी तुमी बंद केलीत, आनि हितं उभ्या हायत त्येवढ्या शाळा बंद झाल्या. ती एवढीशी गोष्ट कशी?" शाळेतलं शुद्ध बोलणं सगळं उडून गेलं होतं. मागून मनीषा बोलायला लागली, आईनं दटावून पाठवलेली मनीषा. मग तिसरी. एकेक करून, पण सगळ्या. साहेब म्हणाले, "अगं, पण गाडी रिकामी जाते. उत्पन्न नाही त्या फेरीला." त्यावर एक म्हातारे कंडक्टर पुढे आले. "रिकामी कुठली, साहेब? मुंगीला जागा नसते. ह्या पोरींचे पास फुकटचे. तिकीट फाटत नाय म्हणून मशिनीत दिसत नाय." साहेबांनी आमच्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग "या आत" म्हणाले आणि बाईंना खुर्ची द्यायला लावली. सोमवारपासून गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी वरच्या वाडीच्या दोघी माझ्याच बाकड्यावर बसल्या होत्या, खिडकीवरून भांडत.

पण शाळेच्या कमिटीला हे झोंबलं. मुलींना रस्त्यावर नेलं, परक्या पुरुषांत बोंबा मारायला लावलं, शाळेचं नाव गेलं. सरांनी बाईंना बोलावून समजुतीनं सांगितलं. मी वह्या ठेवायला ऑफिसात गेले होते, दारातच थांबले. "बाई, तुम्ही हात मुलींना थांबवायला वर केला होता. मुलींची चूक झाली. तेवढं लिहून द्या, की अनवधानानं घडलं, दिलगिरी आहे. मी बघतो पुढचं." आणि ते खरंच होतं! चूकच होती ती. बाईंनी फक्त खरं लिहायचं होतं. बाई म्हणाल्या, "सर, माझा हात चुकला असेल. त्यांचं ओरडणं चुकलेलं नाही. मी 'चूक' असं लिहून दिलं, की ह्या पोरी परत माना खाली घालतील. पुढे वर नाही करायच्या." सर म्हणाले, "तुमची नोकरी तासांवर आहे, बाई." "माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या तासाला आमच्या वर्गावर आल्या. त्या दिवशीही हुलाबालू झाला.

एप्रिलमध्ये शेवटचा पेपर झाला. जूनमध्ये बाईंना बोलावणं येणार नाही, हे तोपर्यंत गावभर झालं होतं. बाई फाटकाशी जीपची वाट बघत उभ्या होत्या, मी शेजारी. तेवढ्यात बाबा आले. फार्महाऊसवरून काम अर्धं टाकून आले होते, हातांना माती. "बाई," ते म्हणाले, "पोरीला दहावी करीन, बारावी करीन, पायजे तितकं शिकवीन. माझा शब्द हाय. पन तुमी जाऊ नका. मी बोलतो कमिटीशी." बाई त्यांच्याजवळ गेल्या. "शब्द मला देऊ नका, भाऊ. मी इथे नसणार आहे. तिला द्या."

बाबा माझ्याकडे वळले. त्यांनी आयुष्यात मला सांगितलं होतं पुष्कळ, विचारलं कधीच नव्हतं. "शिकशील ना गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. जीप आली, बाई चढल्या आणि गेल्या. मला त्यांचा राग आला होता. दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं मी घरी येऊन आईला म्हटलं. आई म्हणाली, "तुझी इतकीच अक्कल." आणि भाजी परतत राहिली.

बाबांनी शब्द पाळला. आज मी साजगावला एका कंपनीत माल तपासायच्या विभागात आहे. यंत्रांच्या रॅकेटमध्ये दिवसभर उभी असते आणि साहेबलोकांच्या मीटिंगमध्ये "हा माल जाणार नाही" असं सांगायला मलाच पुढे करतात. बाई आता पूर्ण मुक्या झाल्यात. तीनेक वर्षांपूर्वी दुसरं ऑपरेशन झालं, त्यात होता तेवढा आवाजही गेला. मला मोबाइलवर इंग्रजीतून लिहितात. मी उत्तर धाडलं की आधी माझ्या चुका दुरुस्त करून पाठवतात, मग ख्यालीखुशाली. त्या घोगऱ्या आवाजासाठी मी किती आसुसते, हे मी त्यांना लिहिलेलं नाही. लिहिलं तर तेही दुरुस्त करतील.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय बाईंचं सांगून होत नाही. आम्ही दहावीत गेलो. नवे सर आले. आवाज खणखणीत, वर्ग शांत, कमिटी खूश. वर्गातला हुलाबालू बंद झाला. पण गाडीला उशीर असला की आम्ही थांब्यावर करायचो, आणि खालच्या वर्गातल्या पोरींनाही करायला लावायचो. आठवीत नव्यानं आलेली वरच्या वाडीची बुधी त्यात होती. आली तेव्हा नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायची. तिला आम्ही महिनाभर पिडलं. आणि पावसाळा संपल्यावर गाडी पुन्हा बंद झाली. कारण तेच, उत्पन्न नाही.

ह्या वेळी कुणी कुणाला विचारलं नाही. बाबांनी टेंपो आणून फाटकाशी लावला. नवे सर वर्गातून बघत राहिले. आगारात तेच साहेब होते. ते बाहेर आले, आमच्या ओळीवरून नजर फिरवली, आमच्या मागे बघितलं, टेंपोकडे बघितलं. "तुमच्या बाई कुठायत?"

मी बोलणार होते. खरंच, तोंड उघडलं होतं. पण माझ्याआधी बुधी पुढे झाली. "बाई नाय," ती म्हणाली. "आमी हाव." आणि साहेबांपुढं उभी राहून तिनं तिच्या वाडीच्या बोलीत जे सांगायचं ते सगळं सांगितलं, त्यांना निम्मं कळलं नसेल तरी त्यांनी ते मधे न बोलता ऐकलं. आम्हाला काही करावंच लागलं नाही.

गाडी सुरू झाली त्या दिवशी संध्याकाळी थांब्यावरून मी बाबांच्या मोबाइलवरून बाईंना फोन लावला. त्या तेव्हा खालापूरकडे एका खासगी क्लासमध्ये शिकवत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"कोण बोललं?" त्यांनी विचारलं. "तू?"

"नाय बाई. बुधी. आठवीतली."

"कोण बुधी?"

"तुमी नाय ओळखत तिला. तुमी गेल्यावर आली ती."

"मग तिला शिकवलं कुणी?"

"आमी," मी म्हणाले, आणि मला रडूच कोसळलं. आजूबाजूला सगळ्या उभ्या, पण मला काही लाज वाटली नाही. "तुमी गेलात ना बाई, मग आमीच शिकवलं."

मग तो घोगरा आवाज आला, निम्मा वाऱ्यावर गेलेला.

"मग मी गेले कुठे गं?"

गाडी येऊन उभी राहिली होती. पोरी चढत होत्या. मी फोन तसाच कानाला धरून चढले.